दोन खलाशी आणि शीड
मुंबई बंदरात शिडाच्या नौकांच्या शर्यती होतात. नौका वळविताना सुकाणू फिरविणे आणि शिडांचे दोर एका बाजूस सोडून दुसऱ्या बाजूस ओढणे ही कामे एकाच क्षणी येतात. खलाशी दोनच असले, तर ती एकामागून एक होतात व तेवढ्यात वेग मंदावतो. म्हणून वळणे थोडकी घ्यावीत.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास शिडावरील दाब सुमारे चौपट होतो. मनुष्याचे बाहुबल मात्र तेवढेच राहते. यास्तव जाणता नाविक वारा वाढण्यापूर्वीच शिडाचा खालचा भाग गुंडाळून बांधतो. थोडा वेग जातो, पण नौका हाती राहते.

दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेथे ही सारी कामे दोनच हातांवर होती.