दारव्हेकर मास्तर

पुरुषोत्तम दारव्हेकरांना (१९२६–१९९९) अवघा विदर्भ 'मास्तर' म्हणे. नागपुरास ते शिक्षक होते खरे, पण त्यांची मास्तरकी खुलली ती रंजन कला मंदिराच्या तालमींत. 'वऱ्हाडी माणसं' त्यांचेच. पण अमरावती-अकोल्याकडे आज नाव निघते ते 'कट्यार काळजात घुसली'चे. १९६७ साली नाट्यसंपदेने ते रंगभूमीवर आणले. संगीत अभिषेकीबुवांचे, दिग्दर्शन खुद्द मास्तरांचे, आणि खाँसाहेब आपल्या मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे! लोक गाण्यांवर लुब्ध झाले. नाटककार मात्र मागे पडला.

आम्हां कामगारांत वावरणाऱ्यांना त्यातला झगडा ओळखीचा वाटतो. खाँसाहेब घराण्याबाहेर विद्या देत नाहीत. सदाशिव त्यांच्या हवेलीत नोकर होऊन ती चोरून ऐकतो. कारखान्यातला जुना फिटरही हातची खुबी नवख्यापासून लपवतो. खुबी गेली की भाकरी गेली, हे त्याचे भय. अशा माणसास खलपुरुष ठरविणे सोपे असते. मास्तरांनी खाँसाहेबांना अखेर वाकविले, पण लहान केले नाही.

आणि स्वतः मास्तर? ते शाळकरी पोरांसाठी नाटके लिहीत, बसवीत आणि पोरांकडूनच करवून घेत.