यांत्रिक पाळण्यातील काम : चालकाचे आणि मदतनिसाचे प्रशिक्षण

गणेशोत्सवापूर्वी रस्त्यावरील दिव्यांची दुरुस्ती हाती घेण्यात येते, तेव्हा मोटारीवर बसविलेला यांत्रिक पाळणा आता लहान शहरांतूनही दृष्टीस पडतो. बांबूची परांची अथवा खांबाला टेकविलेली शिडी यांच्या तुलनेत हे साधन निःसंशय सुरक्षित आहे. मात्र परांचीवरील गड्याला आपण उंचावर आहोत याचे भान प्रत्येक पावलागणिक असते; कठड्याच्या आत उभ्या असलेल्या कामगाराला ते राहतेच असे नाही. म्हणूनच यंत्र आले म्हणजे सुरक्षितता आली, असे मानता येत नाही.

या पाळण्यांचे मुख्य प्रकार दोन. एक कात्रीप्रमाणे उघडत सरळ वर जाणारा, तर दुसरा लांब बाहूच्या टोकाशी बसविलेला. दुसऱ्या प्रकारात पाळणा गाडीच्या पायापासून दूर जातो आणि तोल सांभाळण्याचा सारा भार जमिनीवर येतो. गाडीचे जॅक गटाराच्या झाकणावर किंवा नळासाठी खणून नुकत्याच बुजविलेल्या चरावर टेकविल्यास, वरून भक्कम दिसणारी जमीन पावसाळ्यात केव्हाही खचू शकते. जॅकखाली रुंद फळ्या घालणे आणि काम चालू असता त्या पुन्हा तपासणे, हा प्रशिक्षणाचा पहिला धडा होय.

बाहू उंच करून चालणाऱ्या यंत्राचे चाक लहानशा खड्ड्यात गेले, तरी टोकाच्या पाळण्याला गोफणीसारखा हिसका बसतो आणि आतील माणूस बाहेर फेकला जातो. यासाठी बाहूच्या पाळण्यात अंगपट्टा घालून त्याची आखूड दोरी पाळण्यातीलच ठरविलेल्या कडीला अडकवावयाची असते. बाहेरच्या खांबाला कदापि नाही. उघड्यावर वापरावयाच्या यंत्रांची वाऱ्याची मर्यादा बहुधा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर असते. पाळण्यात मोठा फलक घेऊन चढल्यास तो शिडासारखा वारा धरतो, ही गोष्ट उत्सवाच्या घाईत विसरली जाते. विजेच्या तारांचा धोका तर याहून मोठा. विद्युतरोधक म्हणून मुद्दाम बनविलेले नसेल, तर असे यंत्र वीज रोखत नाही. उच्च दाबाच्या तारेला स्पर्श न होताही झटका बसू शकतो. पाळणा तारेत अडकला असता गाडीला हात लावणारा खालचा माणूसही दगावू शकतो.

या खालच्या माणसाविषयी आपल्याकडे फारच कमी विचार होतो. त्याला बहुधा रहदारी थोपविण्यासाठी उभे केलेले असते. वास्तविक वरच्या चालकाला भोवळ आली, तो कठडा आणि तुळई यांच्यामध्ये दाबला गेला किंवा यंत्र बंद पडले, तर पाळणा खाली आणण्याची जबाबदारी याच्यावर येते. त्यासाठी यंत्राच्या पायथ्याशी वेगळा नियंत्रक आणि आपत्काळी पाळणा उतरविण्याची सोय असते. ती प्रत्येक यंत्रात निराळ्या जागी असते. पट्ट्याला निश्चल लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त साकळते व काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका उत्पन्न होतो. अग्निशामक दल येईपर्यंत थांबणे हा सुटकेचा आराखडा नव्हे.

अशा प्रशिक्षणाला जागतिक स्वरूप आले आहे. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय पॉवर्ड ॲक्सेस महासंघ चालकांसाठी अभ्यासक्रम चालवितो. आयएसओ १८८७८ हे आंतरराष्ट्रीय मानकही याच विषयाचे आहे. महासंघाच्या अभ्यासक्रमात प्रथम वर्गातील पाठ व लेखी परीक्षा, नंतर प्रत्यक्ष यंत्रावरील चाचणी असा क्रम असतो. उत्तीर्ण चालकाला मिळणारे पत्र पाच वर्षे चालते आणि ज्या प्रकारच्या यंत्राची परीक्षा दिली, तेवढ्यापुरतेच ते लागू असते. मोटार चालविण्याचा परवाना त्याची जागा घेऊ शकत नाही.

पाळणा भाड्याने घेताना स्थानिक संस्थांची निविदा बहुधा उंची आणि दर एवढ्यावरच थांबते. त्या प्रकारच्या यंत्राचे चालकाचे प्रमाणपत्र, यंत्राच्या शेवटच्या तपासणीची तारीख आणि भारमर्यादेची वाचता येईल अशी पाटी, या बाबी अटींमध्ये घालण्यास वेगळा खर्च येत नाही. काम सुरू करण्यापूर्वी मदतनिसाकडून रिकामा पाळणा खालच्या नियंत्रकाने एकदा उतरवून घेण्यास पाच-दहा मिनिटे पुरतात.