‘मुली’ ही हाक

वृद्ध पित्याची शुश्रूषा करताना बालपणी सोसलेला त्याचा कठोरपणा अनेक लेकींच्या मनात पुन्हा सलू लागतो. अशा वेळी मार्ककृत शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय मननीय ठरतो.

तेथे याईर आपल्या १२ वर्षांच्या मुलीसाठी येशूच्या पाया पडतो. त्याच वाटेवर १२ वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री आहे. तिच्यासाठी विनवणी करणारा पिता तेथे नाही. भीतभीत ती सारे खरे सांगते, तेव्हा येशू तिला ‘मुली’ म्हणून संबोधतो आणि शांतीने जाण्यास सांगतो.

क्षमा म्हणजे घाव नाकारणे नव्हे. तो प्रथम प्रार्थनेत, मग विश्वासू पाळकांपाशी वा समुपदेशकापाशी बोलून दाखवावा. शुश्रूषेचा भार भावंडांनी वाटून घ्यावा. आणि पित्यांनीही लेकीची क्षमा मागावी. वय झाले म्हणून ती वेळ टळलेली नसते.