ईश्वरावरील भरवसा आणि पंडिता रमाबाई

संकटकाळी माणूस देवाजवळ दोन गोष्टी मागतो. संकट टळावे ही एक, आणि ते आपल्यावरच का आले हे कळावे ही दुसरी. पुष्कळदा या दोहोंपैकी एकही मिळत नाही. मग ईश्वरावर भरवसा ठेवायचा तो कशासाठी? ख्रिस्ती धर्माने या प्रश्नाला दिलेले उत्तर नुसत्या तत्त्वचर्चेने उमगत नाही. ते कोणाच्या तरी आयुष्यात पाहावे लागते. त्यासाठी आपल्याला फार दूर जावयास नको. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तेथेच उभे राहिले.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे गाढे विद्वान; पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांनी लोकांचा रोष पत्करला. पुराण सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत असे. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईबाप गेले, थोरली बहीणही गेली. पुराण सांगण्याखेरीज दुसरा उद्योग येत नव्हता, मोलमजुरी कमीपणाची वाटे, आणि देव काही चमत्कार करील या आशेवर उपासतापासात दिवस गेले, असे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे. हा दोष कोणा एका धर्माचा नव्हे. हात जोडून चमत्काराची वाट पाहत बसणारे ख्रिस्ती मंडळीतही थोडे नाहीत.

पुढे 1880 मध्ये भाऊ गेला आणि 1882 मध्ये पती. पदरी लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला; परंतु बुद्धी गहाण टाकून नव्हे. ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशीच धर्ममतांवरून त्यांनी पत्रांतून निकराचा वाद केला. मनाला खरी शांती लाभली ती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असे त्या सांगत. प्रश्न विचारणे आणि भरवसा ठेवणे यांत त्यांना विरोध दिसला नाही.

बायबलातही तो नाही. ईयोब देवाशी भांडतो. आपल्या दुःखाचे कारण त्याला अखेरपर्यंत सांगितले जात नाही, तरी देव त्याला टाकीत नाही. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत, आपल्यापुढील दुःखाचा प्याला टळावा, अशी प्रार्थना केली. तो टळला नाही. म्हणजे ख्रिस्ती माणसाचा भरवसा हा संकटाविरुद्धचा विमा नव्हे. संकटात आपण एकटे नाही, आणि म्हणून समोरचे कर्तव्य सोडण्याचे कारण नाही, एवढेच तो सांगतो. हे ‘एवढेच’ किती मोठे आहे, ते 1896-97 च्या दुष्काळात दिसले.

त्या वेळी शारदासदन पुण्यात होते. अमेरिकेतील मंडळींनी दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले होते, आणि ती मुदत संपत आली होती. हिशेब पाहणारा कोणीही शहाणा माणूस त्या वर्षी हात आखडता घेता. उपासमार म्हणजे काय हे रमाबाईंना अनुभवाने ठाऊक होते. त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. त्यातच पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर हलवावे लागले. तेथे झोपड्या उभारल्या, विहिरी खणल्या, शेती केली. मुलींना विणकाम आणि छपाईचे काम शिकविले. प्रार्थना रोजची होती, आणि कुदळही रोजची होती. 1900 च्या सुमारास आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आईबाप उपाशी गेलेल्या मुलीने हा संसार मांडला होता, हे येथे विसरू नये.

यावर कोणी म्हणेल, शेवटी यश आले म्हणून श्रद्धा टिकली. पण शेवट तसा नाही. ज्या मनोरमेने पुढे काम चालवावे, ती 1921 मध्ये आईच्या डोळ्यांदेखत गेली. रमाबाई तेव्हा थकलेल्या होत्या, ऐकूही कमी येत असे. त्यांनी हाती घेतलेले बायबलाचे मराठी भाषांतर मात्र खाली ठेवले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे देहावसान झाले. आश्रमाच्याच छापखान्यात छापलेला तो संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला.

मुलगी का गेली, याचे उत्तर त्यांना मिळाले असेल असे वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पुढचे पान तपासण्याचे बळ मात्र मिळाले. ईश्वरावरील भरवसा म्हणतात तो हाच. उद्याचे त्याच्यावर सोपवावे ते आजचे काम मोकळ्या मनाने करता यावे म्हणून. ते टाळता यावे म्हणून नव्हे.