लांडग्यावरचा आळ

हजरत यूसुफ (अलै.) यांना भावांनी विहिरीत टाकलं आणि आळ लांडग्यावर घातला. उमरखेडच्या माझ्या वर्गात हा किस्सा सांगताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग लांडग्याची माफी कुणी मागितली?" मी गप्प झाले.

दिवाळीच्या सुट्टीत नातेवाइकांकडे बारामतीला गेलो, तेव्हा मुलांना शिरसुफळच्या माळरानावर नेलं. वन विभागाने इथे आणि इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला गवताळ सफारी सुरू केली आहे. वाट दाखवायला स्थानिक तरुण असतात. बऱ्याच वेळाने गवतात दोन कान दिसले. मुलांनी श्वास रोखला. लांडगा आमच्याकडे बघून शांतपणे निघून गेला.

देशात आता सुमारे ३,००० लांडगे उरलेत. १९७२च्या कायद्याने त्यांना वाघासारखंच संरक्षण आहे. पण त्यांचं घर असलेल्या माळाला आपण पडीक म्हणतो आणि नांगरतो.

शेळी गेली तर गरिबाच्या घराला फटका बसतोच. तरी विष घालू नका. वन विभागाला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या. लांडग्याने मारलेल्या जनावराची भरपाई मिळते.

परतल्यावर त्या मुलीला हेच सांगितलं. ती म्हणाली, "मग माफी आपणच मागायची."