हात राखून देणारें यंत्र

घरांतील वृद्धाला मध्यरात्रीं धाप लागली, म्हणजे हल्लीं पहिला हात जातो तो बोटाला चिमट्यासारखा लावावयाच्या ऑक्सिमीटरकडे. २०२० सालच्या साथीनंतर हें चिमुकलें उपकरण पुष्कळ घरांत थर्मामीटरच्या शेजारीं येऊन बसलें आहे. त्यांत उमटलेल्या आंकड्यावरून डॉक्टरांस त्याच घटकेस उठवावयाचें कीं उजाडेपर्यंत थांबावयाचें, हें ठरतें. परंतु आंतील दोन सेल सहा महिने पडून अर्धमेले झालेले असले तर? उपकरणानें सेल संपल्याची खूण दाखवावी किंवा सरळ मुकें व्हावें. तें क्षम्य आहे. मरतांमरतां खोटा आंकडा मात्र त्यानें सांगतां कामा नये. तसें तें सांगत नाहीं ना, याची परीक्षा तें विक्रीस येण्यापूर्वींच घ्यावी लागते, आणि त्या परीक्षेंत उपयोगीं पडणाऱ्या एका यंत्राची ओळख वाचकांस करून द्यावी, असा आमचा हेतु आहे.

या यंत्राला इंग्रजींत बेंच पॉवर सप्लाय म्हणतात. बेंच म्हणजे येथें शाळेंतला बाक नव्हे, तर प्रयोगशाळेंतील कामाचें मेज. आपण त्याला पुरवठायंत्र म्हणूं. भिंतींतील वीज २३० व्होल्टची, आणि सेकंदाला पन्नास आवर्तनें घेऊन दिशा बदलणारी असते. उपकरणांच्या पोटांतील नाजूक मंडलांना ती चालत नाहीं. त्यांना एकाच दिशेनें वाहणारी, ३, ५ किंवा १२ व्होल्टची वीज लागते. हें रूपांतर मोबाइलचा चार्जरहि करतो, मग या पेटीचें एवढें कौतुक कशाला, असें कोणी विचारील. कौतुक आहे तें तिच्या हात राखून देण्याचें.

एकत्र कुटुंबांत कोठीची किल्ली ज्या वडील बाईंच्या कमरेला असते, त्यांची रीत आठवून पाहावी. रोजचे तांदूळ मागेल त्याला मिळतात. कोणी हिशेबाबाहेर मागूं लागला, तर त्या रागें भरत नाहींत, पण मापहि पुढें सरकत नाहीं. पुरवठायंत्राला अशाच दोन मर्यादा सांगून ठेवतात, एक दाबाची व दुसरी प्रवाहाची. समजा, दाब ५ व्होल्ट आणि प्रवाह फार तर ०.१ अँपिअर असें ठरविलें. जोडलेल्या मंडलाचा रोध १०० ओहम असला, तर ओहमच्या नियमाप्रमाणें ०.०५ अँपिअर प्रवाह वाहतो व दाब ५ व्होल्टवर स्थिर राहतो. पण डाग देतांना कथिलाचा एक केंस दोन तारांमध्यें अडकला, आणि रोध अवघा २ ओहम उरला! पुरवठा बेबंद असता तर २.५ अँपिअर धांवले असते, आणि साडेबारा वॅट उष्णता मेथीच्या दाण्याएवढ्या जागेंत कोंडून धूर निघाला असता. हें यंत्र मात्र ०.१ अँपिअरवर हात आंखडतें. दाब आपोआप ०.२ व्होल्टवर उतरतो, पेटीवर एक दिवा लागतो, आणि काम करणारा समजतो कीं कोठें तरी घोटाळा आहे. महिनाभराची मेहनत वांचते.

येथें एक बारकावा सांगितला पाहिजे. दाब स्थिर राखण्यासाठीं या यंत्राच्या बाहेरच्या टोकांपाशीं एक कपॅसिटर बसविलेला असतो. प्रवाहाची मर्यादा कितीहि कमी ठेवली, तरी त्यांत सांठलेली वीज पहिल्या क्षणीं एकदम बाहेर पडते. म्हणून नाजूक वस्तु जोडावयाची ती पुरवठा बंद ठेवूनच जोडावी, व मग कळ दाबावी. जाहिरातींत ही गोष्ट सहसा आढळत नाहीं.

पूर्वीं हीं यंत्रें हातानें बिरडी फिरवून चालवीत. ठाणें येथें १९६२ सालीं सुरू झालेल्या अ‍ॅपलॅब या कारखान्यानें बनविलेलीं यंत्रें आपल्याकडील अनेक प्रयोगशाळांच्या परिचयाचीं आहेत. तिकडे अमेरिकेंत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें यंत्रांनीं एकमेकांशीं बोलावें म्हणून एक तारांची जोडणी काढली. १९७५ सालीं तिला प्रमाण पद्धतीचा दर्जा मिळाला. पुढें १९९० सालीं आज्ञांची भाषाहि ठरली. तेव्हांपासून संगणकानें 'व्होल्ट ५' अशा थाटाची आज्ञा पाठवावी व यंत्रानें ती मुकाट्यानें पाळावी, असा क्रम सुरू झाला. प्रोग्रामेबल म्हणतात तें यालाच.

या सोयीचें मोल ऑक्सिमीटरच्या उदाहरणावरूनच कळेल. दोन नव्या सेलांचा दाब मिळून सुमारें ३ व्होल्ट. तेथून १.८ व्होल्टपर्यंत ०.०५ व्होल्टची एक पायरी धरून उतरावयाचें, तर पंचवीस नोंदी होतात. त्या उन्हाळ्याच्या उष्म्यांत एकदां व कडाक्याच्या थंडींत एकदां घ्यावयाच्या, शिवाय एकेका ऐवजीं दहा नमुन्यांवर घ्यावयाच्या. म्हणजे पांचशें झाल्या. प्रत्येक पायरीवर आंकडा खरा आहे कीं नाहीं, खूण केव्हां उमटली, हें लिहावयाचें. माणसाचे डोळे तिसऱ्या प्रहरीं मिटूं लागतात. संगणक व पुरवठायंत्र हीं जोडी रात्रभर न कंटाळतां तें करते.

परंतु खरी मौज पुढेंच आहे. चांगलें पुरवठायंत्र हें सेलापेक्षां फारच चांगलें असतें, आणि परीक्षेच्या कामीं तोच त्याचा दोष ठरतो! सेलाला स्वतःचा आंतरिक रोध असतो. एकदम जास्त प्रवाह मागितला कीं त्याचा दाब खचतो. १९९० नंतरच्या दशकांत जीएसएम पद्धतीचे मोबाइल आले, तेव्हां हा प्रश्न अभियंत्यांस चांगलाच भोंवला. हे टेलिफोन बोलतांना सतत प्रवाह घेत नसत. दर ४.६ मिलिसेकंदांत अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा अधिक वेळ दीड-दोन अँपिअरचा एक घोट घ्यावयाचा, व मग स्वस्थ राहावयाचें, असा त्यांचा प्रकार. लांब तारांतून एवढ्या झटक्यानें प्रवाह पुरवितांना साध्या यंत्राचा दाब क्षणभर इतका खालीं जाई, कीं बॅटरी संपली असें समजून टेलिफोन बंदच पडे. चांगल्या वस्तूवर नापासाचा शिक्का! यावर उपाय म्हणून क्षणार्धांत सांवरणारीं, आणि आंतरिक रोध सांगूं तेवढा ठेवणारीं यंत्रें निघालीं. सेलाच्या खोडी हुबेहूब उतरविणारें यंत्र अधिक किंमतीला विकलें जाऊं लागलें, हें ऐकून कोणालाहि हंसूं येईल. पण व्यवहार असा आहे खरा. मोटारीचेंहि तसेंच. थंडींतल्या सकाळीं स्टार्टर फिरूं लागला, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी क्षणभर ६-७ व्होल्टपर्यंत बसते. तेवढ्या वेळांत गाडींतील संगणकानें भान सोडूं नये, म्हणून तोच उतार-चढाव पुरवठायंत्राकडून शेंकडों वेळां वठवून घेतात.

ज्या घरीं मुलगा किंवा मुलगी या विद्येच्या मार्गाला लागली आहे, तेथें असें यंत्र घेण्याचा प्रश्न निघतोच. आमच्या मतें ३० व्होल्ट व ३ अँपिअरचें साधें यंत्र प्रारंभीं पुरेसें आहे. संगणकाची जोडणी नसली तरी अडत नाहीं, प्रवाहाची मर्यादा मात्र असलीच पाहिजे. रेडिओ किंवा ध्वनीच्या कामासाठीं लिनियर जातीचें घ्यावें. तें वजनाला जड असतें व तापतें, पण त्याचा पुरवठा स्वच्छ असतो. पेटीवर तांबडें, काळें व हिरवें अशीं तीन टोकें असतात. त्यांतील हिरवें जमिनीचें; ऋण टोंक काळें असतें, हें मुलांस पहिल्याच दिवशीं दाखवून द्यावें.

लिथियमचे सेल मात्र हल्लीं घरोघर खेळण्यांतून निघतात, आणि ते या यंत्रावर भरण्याचा मोह मुलांस हटकून होतो. ४.२ व्होल्ट व बेताचा प्रवाह ठेवला तर सेल भरतो, हें खरें. तथापि सेल तापूं लागला किंवा फुगला तर तें या यंत्राला कळत नाहीं. म्हणून असा प्रयोग मोठ्या माणसाच्या देखत, दिवसां व फरशीवर व्हावा. आणि निजावयास जाण्यापूर्वीं तारा काढून ठेवाव्या.