कुत्र्याला वास शोधण्यास शिकविताना कोणते साहित्य घ्यावे?



आपल्यापैकी पुष्कळांच्या गोठ्यापाशी एक कुत्रा असतोच. रात्री तो राखण करतो आणि दिवसभर साखळीला बांधलेला असतो. काम नसलेला कुत्रा उगाच भुंकतो, खड्डे उकरतो आणि पुढे पुढे मुलाबाळांच्याही अंगावर जातो. अशा कुत्र्याला रोज दहा मिनिटे नाकाचे काम दिले तर तो बराच शांत होतो, असा आमचा अनुभव आहे. ठराविक वास ओळखून लपविलेली डबी शोधणे, एवढेच ते काम.

माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कित्येक कुत्र्यांत त्या २० कोटींहून अधिक असतात. म्हणजे मुख्य साधन कुत्र्यापाशी आहेच. बाकीचे बहुतेक घरातच मिळते.

१) वास : लवंग उत्तम. परदेशात या खेळाच्या स्पर्धा होतात, तेथेही लवंगेचा वास वापरतात. झाकणाच्या काचेच्या बाटलीत दहाबारा लवंगा व कापसाचे छोटे बोळे घालून चार दिवस ठेवावे. नंतर वास लागलेला बोळाच वापरावा. लवंगेचे तेल नको; ते कुत्र्याच्या नाकातोंडाला झोंबते व पोटात गेल्यास अपाय करते. निपाणीकडे तंबाखू घरोघर असते, पण ती आणि डांबराच्या गोळ्या या कामी कधीही घेऊ नयेत. दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत.

२) डब्या व खोकी : पत्र्याच्या एकसारख्या पाच डब्या घ्याव्या. झाकणाला खिळ्याने भोके पाडून धार कानशीने घासावी. एकीत वासाचा बोळा, इतरांत साधा कापूस. झाकण तारेने पक्के करावे, म्हणजे बोळा गिळला जाणार नाही. पुठ्ठ्याची खोकी किराणा दुकानातून आणावी. कीटकनाशकाची किंवा खताची मुळीच नकोत.

३) चिमटा : बोळा हाताने उचलू नये. आम्ही प्रथम लवंगा आणि खाऊ एकाच खिशात ठेवला व त्याच हाताने सगळ्या डब्या मांडल्या. साहजिकच प्रत्येक डबीला लवंगेचा वास लागला. कुत्रा गोंधळला आणि आम्ही त्यालाच मठ्ठ ठरविले! दोष आमच्या हातांचा होता.

४) छातीपट्टा व दोर : विकत किंवा शिवून घ्यायची वस्तू हीच. गळपट्ट्याला दोर बांधला तर पुढे ओढणाऱ्या कुत्र्याचा गळा आवळतो. रुंद नवारीचा छातीपट्टा चांभाराकडून शिवून घ्यावा. पट्टा व अंग यांत दोन बोटे सहज जावीत आणि काखेत घासू नये. दोर सुताचा, सुमारे १५ फूट. नायलॉनचा दोर हातातून सरकला की कातडी सोलतो.

५) खाऊ व पाणी : उकडलेले अंडे किंवा हाड काढलेली कोंबडी, हरभऱ्याएवढे तुकडे करून. कांदा, लसूण, मनुका व चॉकलेट कुत्र्याला घातक आहेत. पाण्याचे भांडे जवळ असावे. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. म्हणून सकाळी किंवा संध्याकाळीच शिकवावे.

सुरुवातीला उघड्या खोक्यांपैकी एकात नुसता खाऊ ठेवावा. काही दिवसांनी त्याच खोक्यात वासाची डबी ठेवावी. शेवटी खाऊ काढून घ्यावा, आणि कुत्र्याने डबी शोधताच तेथेच त्याला बक्षीस द्यावे. चुकला तर ओरडू नये. शेतात डुकरांसाठी विष किंवा गावठी बॉम्ब ठेवलेल्या भागाकडे मात्र त्याला अजिबात नेऊ नये.

शेवटी एक सांगणे. पैसे थोडे असतील तर छातीपट्ट्याआधी रेबीजची लस टोचून घ्यावी व डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा द्यावी. कोणाला कुत्रा चावलाच, तर जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावून वाट पाहू नये.